1.46 ची शाबासकी

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तपासणी शिबिरातल्या पायाच्या रक्तदाबाच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. त्याखाली तुम्ही लिहिलंय, "पायाचं प्रेशर हातापेक्षा जास्त, एकदम बढिया!" शिबिरातल्या मुलानंही म्हणे तसंच सांगितलं. फोनवर बोलले असते तर "हो हो" म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून हे पत्र.

घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागून रिपोर्टमधला तो आकडा काढतात. 1 ते 1.4 असला तर ठीक. 0.9 किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. तुमचा 1.46 आहे, आणि ही शाबासकी नाही. पट्टा फुगतो, धमनी दाबून बंद करतो आणि सैल होताना रक्त कोणत्या दाबाला पुन्हा धावू लागलं ते टिपलं जातं. पण त्यासाठी धमनी दबायला तर हवी! मधुमेहाला बरीच वर्षं झाली की घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचू शकतं. मग पट्टा कितीही आवळला तरी ती लवकर दबत नाही आणि आकडा उगाच चढतो. रबरी नळी चिमटीत धरली की पाणी थांबतं, लोखंडी पाइप धरून थांबेल का? जन्मभर नगर निगमच्या पाइपलाइनी सांभाळलेल्या माणसाला हे मी सांगतेय. पाइप आतून किती बुजलाय, ते या आकड्यावरून कळतच नाही.

म्हणून आता पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यायचा. अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत. अंगठ्याच्या दाबाचं दंडाच्या दाबाशी गुणोत्तर 0.7 च्या खाली आलं तर डॉप्लर (धमनीतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन, हा पुढचा रस्ता.

हे मी नुसत्या कागदावरून म्हणत नाही. दिवाळीत राजवाड्याकडे जाताना तुम्ही कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी थांबलात, मग एका बंद दुकानाची पाटी वाचत राहिलात, पुढे पुन्हा एक पाटी. बंद दुकानाची पाटी इतका वेळ कोण वाचतं, बाबा? पोटरी आवळून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटते, हो ना? जर्मन भाषेत या दुखण्याचं नावच 'दुकानाच्या काचा बघण्याचा आजार' असं आहे. तुम्ही त्याला वय म्हणता.

तुमची साखर ताब्यात आहे, मान्य. पण धमन्यांचं भांडण एकट्या साखरेशी नसतं. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून ती रात्रीची गोळी तुम्ही परस्पर बंद केलीत, हे आईनं सांगितलं (तिच्यावर चिडू नका). मधुमेह्याला ती गोळी फक्त आकडा खाली आणायला देत नाहीत, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका कमी करायलाही देतात. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. आणि जेवणानंतरची तंबाखूची चिमूट, त्यावर मी वेगळं भांडणार आहे.

आई, आता तुझं काम. बाबांच्या तळव्यांना निम्मं जाणवत नाही, त्यामुळे काही टोचलं तरी ते सांगणार नाहीत. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघ. तेल तळव्याला लाव, बेचक्यांत नको. थंडी पडली म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही, कातडी भाजली तरी त्यांना कळणार नाही. खजराण्याला गणपतीला जाल तेव्हा निदान मोजे तरी घालायला लाव. कुठे काळपट डाग किंवा न भरणारी जखम दिसली तर हळद भरून वाट पाहू नकोस, त्याच दिवशी दाखव.

ऑपरेशनला बाबा घाबरतात, मला ठाऊक आहे. सगळ्यांना ते लागत नाही. अनेकांना गोळ्या आणि चालणं पुरतं, पण तेही ठरवून करायचं: पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे. पायाला जखम नाही हे पाहून डॉक्टर हो म्हणाले की सुरू करा. आणि अँजिओप्लास्टीची वेळ आलीच तर हे ऐका. लोक तिला हृदयाची समजतात, पण ती पहिल्यांदा झाली पायावरच. 1964 मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका बाईंच्या पायाची धमनी नळी घालून उघडली. पाय कापायला त्या बाईंनी साफ नकार दिला होता. नंतर त्या स्वतःच्या दोन पायांवर चालत राहिल्या. तुम्ही तर अजून पंच्याहत्तरीचेही नाही.

मी पुढच्या शनिवारी इंदूरला पोहोचतेय. आई, जुने सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत काढून ठेव. बाबांना विचारू नकोस, ते म्हणतील फेकून दिले.

तुमची,
मनू