नव्या सभागृहाचा आराखडा काढण्यापूर्वी बसण्याचा विचार व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीत खेळाला आणि कार्यक्रमांना सारखेच उपयोगी पडेल असे एक मोठे बंदिस्त सभागृह असावे, अशी इच्छा क्रीडाप्रेमी आणि कलाप्रेमी मंडळी वर्षानुवर्षे बोलून दाखवत आली आहेत आणि त्या इच्छेत मीही मनापासून सहभागी आहे. मात्र अशा चर्चेत छत, रंगमंच, वाहनतळ आणि वातानुकूलन यांवर भरभरून बोलले जाते. प्रेक्षक कोठे आणि कसे बसणार, हा विषय मात्र शेवटी भाड्याच्या खुर्च्यांवर सोडून दिला जातो. पस्तीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केल्यावर आणि तेवढीच वर्षे हौशी नाटकांच्या विंगेत उभे राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, बसण्याची व्यवस्था आधी ठरवावी आणि इमारत तिच्याभोवती बांधावी. त्यासाठी पुढे ओढून पायऱ्यापायऱ्यांची करता येणारी आणि काम संपल्यावर भिंतीशी मिटवून ठेवता येणारी गॅलरी हा उत्तम मार्ग आहे. बाजारात ती ‘टेलिस्कोपिक सीटिंग’ या नावाने मिळते. या पत्रापुरते मी तिला सरकती गॅलरी म्हणतो.

हा आग्रह एका प्रसंगातून आला आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका संस्थेच्या सभागृहात सतरा वर्षांखालील मुलींच्या कबड्डी स्पर्धा होत्या. सपाट फरशीवर मॅट अंथरलेली, तिच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या सहा-सात रांगा आणि त्यांच्यामागे मंडपवाल्याने बांबू आणि फळ्यांची उभारलेली पाच पायऱ्यांची गॅलरी. तिसऱ्या रांगेपासून मागे कोणालाच मॅट दिसत नव्हती. एका चढाईपटू मुलीची आई गावाहून पहाटेच्या एस.टी.ने आली होती. ती माझ्यापुढे खुर्चीवर चढून उभी होती आणि मागच्यांनी ओरडून बसायला लावले की बसत होती. लेकीची प्रत्येक चढाई तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली. ‘काय झालं? कोण बाद झाली?’ हा तिचा प्रश्न त्या दुपारी मी किमान वीस वेळा ऐकला असेल. अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईला गॅलरीतील सगळे एकदम उठले, तेव्हा तिसऱ्या पायरीची फळी वीतभर खाली गेली, बांबूला मारलेली काथ्याची गाठ सुटली आणि दोन मुले फटीतून खाली घसरली. एकाची नडगी सोलवटली, दुसऱ्याचे मनगट मोडले. लोक पांगल्यावर मी खाली वाकून पाहिले. फळीला एकही खिळा नव्हता, काथ्याचे दोनच वेढे होते आणि बांबूचा बुडखा अर्ध्या विटेवर टेकवलेला होता. त्या दिवशी याहून मोठे काही घडले नाही, हे आमचे नशीब.

असे नशीब सर्वांच्या वाट्याला येत नाही. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनालाच प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभरहून अधिक माणसे जखमी झाली. फ्रान्ससारख्या प्रगत देशातही ५ मे १९९२ रोजी बास्तिया येथे फुटबॉल सामन्यासाठी घाईने वाढवलेली गॅलरी सामना सुरू होण्यापूर्वीच खाली आली, त्यात १८ जणांचे प्राण गेले आणि दोन हजारांवर लोक जखमी झाले. गॅलरी केवळ वजनाने पडते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात माणसे एका तालात उठतात, नाचतात, पुढे झुकतात आणि आडव्या धक्क्याने सांगाडा एका बाजूला कलतो. बांबूला तिरके आधार न देता नुसते उभे खांब रोवले, तर तो कलणे थोपवणार कोण? सभागृहांच्या जमिनीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात कायम खुर्च्या असतील तेथे चौरस मीटरला ४ किलोन्यूटन आणि नसतील तेथे ५ किलोन्यूटन भार धरायला सांगितले आहे. म्हणजे चौरस मीटरला चारशे ते पाचशे किलो. अर्ध्या विटेवर टेकलेल्या बांबूकडून ही अपेक्षा कोणी करू नये.

सरकती गॅलरी पुण्यातील एका शिक्षणसंस्थेत मी जवळून पाहिली. मिटलेली असताना ती भिंतीला लावलेल्या उंच लाकडी कपाटासारखी दिसत होती. कर्मचाऱ्याने बटण दाबले, तशी सर्वांत खालची पायरी रबरी चाकांवर पुढे आली, तिने आपल्यामागची पायरी ओढली आणि टेबलाचे खण एकामागून एक उघडावेत तशा आठही ओळी बाहेर आल्या. प्रत्येक ओळ जागेवर येताच खाली लोखंडी खटका बसल्याचा आवाज होत होता. मग पाडून ठेवलेल्या खुर्च्यांच्या पाठी उभ्या करण्यात आल्या, दोन्ही टोकांना कठडे बसवण्यात आले आणि जेथे अर्ध्या तासापूर्वी मुले बॅडमिंटन खेळत होती, तेथे प्रेक्षागृह तयार झाले. मी सर्वांत वरच्या ओळीत जाऊन बसलो आणि समोरची जमीन कडेच्या रेषेपर्यंत स्वच्छ दिसली.

जागेचा हिशेब सांगतो, कारण निर्णय शेवटी त्यावरच होतो. समजा, सभागृह आतून ३६ मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद आहे. एका ओळीला ८५ सेंटिमीटर खोली धरली, तर आठ ओळींना ६.८ मीटर लागतात. दोन्ही लांब भिंतींच्या गॅलऱ्या उघडल्यावर मध्ये १८.४ मीटर उरतात. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना चार मीटरहून अधिक मोकळी जागा मिळते. माणशी ५० सेंटिमीटर आणि चढण्या-उतरण्याच्या वाटा वजा जाता आठशेच्या वर माणसे बसतात. गॅलऱ्या मिटल्या की त्या प्रत्येकी साधारण सव्वा मीटर जागा घेतात आणि जवळजवळ ३० मीटर रुंदीची फरशी मोकळी होते, म्हणजे २७ बाय १६ मीटरचे खो-खोचे मैदान आखून भोवती ऐसपैस वावरता येते, परीक्षेची बाके मांडता येतात, रक्तदान शिबिर भरवता येते. हेच आठशे प्रेक्षक काँक्रीटच्या कायम पायऱ्यांवर बसवायचे ठरवले, तर वर्षातील तीनशे दिवस त्या पायऱ्या रिकाम्या राहतील आणि जागा मात्र कायमची अडेल.

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि हमखास दुर्लक्षिला जाणारा मुद्दा पायरीच्या उंचीचा आहे. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती वर जाते, यावर सारे अवलंबून असते. जाणकार हे अंतर ९ सेंटिमीटर असावे असे मानतात. ६ च्या खाली गेले की माना वाकड्या होऊ लागतात. पहिल्या ओळीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आणि कडेच्या रेषेपासून पाच मीटर मागे धरून मी गणित मांडले. कबड्डीत नजर थेट जमिनीवर ठेवायची असते, कारण चढाईपटूचे पाऊल जादा गुणाच्या बोनस रेषेपलीकडे पडले की नाही तेच पाहायचे असते. त्यासाठी दुसऱ्या ओळीलाच सुमारे ३१ सेंटिमीटर चढ लागतो आणि मागे जावे तसा तो थोडाथोडा वाढतो. उलट ९० सेंटिमीटर उंचीच्या रंगमंचाची कडा तेवढ्याच अंतरावर असेल, तर १६ सेंटिमीटर चढ पुरतो. म्हणजे खेळाला जेवढा चढ लागतो, त्याच्या निम्मा कार्यक्रमाला भागतो. खेळाची खडी गॅलरी कार्यक्रमाला वापरली, तर वयस्कर माणसांना विनाकारण चढावे लागते. कार्यक्रमाची कमी चढाची गॅलरी खेळाला वापरली, तर आमच्या त्या माउलीसारखी गत होते. म्हणूनच पायरीची उंची कमी-जास्त करता येईल अशी रचना मिळत असेल तर तीच घ्यावी. ती महाग पडत असेल, तर लांब भिंतींवरील गॅलऱ्या खड्या आणि रंगमंचासमोरच्या भिंतीवरील गॅलरी कमी चढाची, अशी वाटणी करावी. खड्या गॅलरीच्या वाटांमध्ये मात्र प्रत्येक पायरीला मधला अर्धा टप्पा हवाच, कारण ३१ सेंटिमीटरची पायरी साठी उलटलेल्या गुडघ्यांना झेपत नाही.

याच कारणांमुळे हा निर्णय आराखड्याच्या आधी झाला पाहिजे. उघडलेल्या गॅलरीचा आणि माणसांचा सगळा भार थोड्याशा चाकांवर येतो. लवचीक लाकडी फरशी त्यासाठी आधीपासून मजबूत केलेली नसेल, तर तिच्यावर खड्डे पडतात. मागची भिंत तिला धरून ठेवणारे बोल्ट पेलणारी हवी. इमारत उभी राहिल्यावर नुसती विटांची भिंत आणि नाजूक फरशी हाती आली, तर गॅलरी बसवणाऱ्या कंपनीलाही काही करता येणार नाही. अपंग प्रेक्षकांचेही तसेच आहे. पहिल्या ओळीचा काही भाग मागे ठेवून तेथे चाकाच्या खुर्चीला जागा देता येते, पण रस्त्यापासून तेथपर्यंत एकही पायरी न लागणारी वाट नकाशातच असावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर याबाबत कोणाचीही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. मिटवलेली गॅलरी म्हणजे लोखंडी सांगाडा, प्लायवूड, गादीच्या खुर्च्या आणि अगदी जमिनीलगत बसवलेल्या विजेच्या मोटारी. चार दिवस पाण्यात राहिली, तर ती भंगारात काढावी लागेल, कारण ती उचलून वरच्या मजल्यावर नेता येत नाही. त्यामुळे जागा निवडताना २०१९ चे पाणी जेथे पोहोचले नव्हते, अशीच निवडावी आणि तरीही जोते चढते ठेवावे.

एका बाबतीत माझे नाट्यवेडे मित्र बिचकतील, म्हणून स्पष्ट लिहितो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ ज्या गावात उभे केले, त्या गावात नाटकासाठी स्वतंत्र नाट्यगृहच हवे आणि आहेत ती नाट्यगृहे नीट राखली गेली पाहिजेत. खेळाच्या सभागृहाच्या उंच, कडक भिंतींमध्ये आवाज घुमतो आणि पोकळ पायऱ्यांवर उशिरा येणाऱ्याचे पाऊल ढोलासारखे वाजते; हळू आवाजातील संवाद तेथे मरतो. पायऱ्यांवर जाड गालिचा आणि भिंतींना आवाज शोषणारे आच्छादन लावून हा दोष बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. तेव्हा सरकत्या गॅलरीच्या सभागृहाने मॅटवरील कुस्ती, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, शाळांची स्नेहसंमेलने, वाद्यवृंद, नृत्यस्पर्धा, व्याख्याने यांची सोय करावी. ही यादीही काही लहान नाही.

खर्चाबद्दल एवढेच म्हणेन की, निविदेत गॅलरीच्या किमतीबरोबर किमान दहा वर्षांच्या देखभालीची किंमत लिहून घ्यावी. चाके, खटके, मोटारी आणि कठडे यांची वर्षातून एकदा भार देऊन तपासणी व्हावी आणि तिचा दाखला प्रवेशद्वाराशी लावावा. गॅलरी उघडण्या-मिटण्याचे काम शिकवलेल्या दोन-तीन माणसांनीच करावे. उत्साही कार्यकर्त्यांनी ढकलून उघडलेली गॅलरी तिरकी अडकते आणि तिचे रूळ वाकतात. मिटवण्यापूर्वी खाली कोणी लहान मूल शिरलेले नाही ना, हे वाकून पाहण्याचा नियम तर भिंतीवर रंगवून ठेवावा. खालचा कचरा प्रत्येक कार्यक्रमानंतर काढला नाही, तर शेंगांच्या टरफलांवर उंदीर जमतात आणि विजेच्या तारा कुरतडतात, हेही अनुभवाचे बोल आहेत.

हे सभागृह होईल तेव्हा होईल, परंतु तोपर्यंत बांबूच्या गॅलऱ्या उभ्या राहतच राहणार. म्हणून महापालिका, जिल्हा प्रशासन आणि स्पर्धा भरवणाऱ्या सर्व मंडळांना माझी विनंती आहे की, तीन पायऱ्यांहून उंच असलेली कोणतीही तात्पुरती गॅलरी अभियंत्याने पाहून सही केल्याशिवाय प्रेक्षकांना खुली करू नये. बांबूऐवजी तिरके आधार दिलेले लोखंडी पाइपचे सांगाडे वापरावेत आणि गॅलरीवर किती माणसे बसू शकतात तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि ज्या दिवशी नव्या सभागृहाचा नकाशा तयार होईल, त्या दिवशी तो नागरिकांना पाहण्यासाठी ठेवावा, त्यात शेवटच्या ओळीतील प्रेक्षकाच्या डोळ्यापासून मैदानाच्या कडेपर्यंत जाणारी नजरेची रेघ काढून दाखवलेली असावी. ती रेघ पाहायला मी स्वतः फूटपट्टी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
विश्रामबाग, सांगली