सुमित्रा भावेंचे चित्रपट आमच्या तालुक्यांपर्यंत आणा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते अंगठ्याला थुंकी लावून वर्तमानपत्राची पानं मोजायला लागले. शंभर झाली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही आधी हसलो, मग चिडलो. स्मृतिभ्रंश हा शब्द आमच्या घरात डॉक्टरांच्या आधी सुमित्रा भावेंच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने आणला.

शहरात तो लागला तेव्हा दिवसाला एकच खेळ होता, तोही सकाळी. मी रजा टाकून गेले. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्ती बघतात आणि त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको चेन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते.

पुढे एका संध्याकाळी बाबा असेच घरातून गेले. सापडले भद्रकालीच्या भाजीबाजारात, एका मावशींशेजारी पोत्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या मोजताना. मावशींनी त्यांना चहा पाजला होता. “मोजू द्या की ताई, माझं काय जातंय,” म्हणाल्या. मी बाबांना ‘मला ओळखलंत का’ असं विचारलं नाही. शेजारी बसले आणि मीही जुड्या मोजायला लागले. हे मला त्या सकाळच्या खेळाने शिकवलं होतं.

सुमित्राताई सिनेमाचं शिक्षण घेऊन आल्या नव्हत्या. पुण्यात समाजकार्य शिकवायच्या, वस्त्यांमधल्या बायकांचा अभ्यास करायच्या. ज्या बाईबद्दल अहवाल लिहायचा, तिच्यापर्यंत तो पोचतच नाही, हे खटकलं म्हणून त्यांनी कॅमेरा जवळ केला. १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग सुनील सुकथनकरांच्या सोबतीने ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘नितळ’. ‘कासव’ नैराश्यावरचा, त्याला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. आणि ‘देवराई’! स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला समजून घेताना दमलेली, तरी हात न सोडणारी बहीण. डोक्यावर परिणाम झाला म्हणून आधी भगताकडे नेलेली मुलं मी आमच्या जिल्ह्यात पाहिली आहेत. त्यांच्या आयांनी हा चित्रपट पाहायला हवा होता.

१९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताई गेल्या. चित्रपट आहेत, पण आमच्या जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ तालुक्यांत ते कोण दाखवणार?

साहेब, मराठी चित्रपटांना आपलं सरकार अनुदान देतं, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण तो पैसा चित्रपट तयार होण्यापुरता. लोकांपर्यंत न्यायची वेळ आली की निर्माता एकटा पडतो. आपल्या खात्याने या चित्रपटांच्या प्रदर्शनाचे हक्क रीतसर, योग्य मोबदला देऊन घ्यावेत. प्रत्येक तालुक्यात गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंसाठी आणि गावकऱ्यांसाठी फुकट खेळ लावावेत, आणि खेळानंतर तासभर बोलायला मानसोपचाराचा जाणकार असावा. तो तास कृपा करून वगळू नका. ‘अस्तु’ संपल्यावर मला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि बाहेर फक्त पार्किंगवाला होता.

सुरुवात नाशिकपासून करा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले, १९४४ साली इथेच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पहिला खेळ तिथे ‘अस्तु’चा लावा, आणि संध्याकाळी उशिरा लावा, भाजीबाजार उठल्यावर. त्या मावशींना मला सोबत आणायचं आहे.

आपली,
नाशिकरोडची एक रहिवासी