पूर्ण बुद्धीने प्रीती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुणांच्या सभेत अकरावीतल्या एका मुलीने बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडून विचारले, की उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, तर मधले दिवस मोजले कसे? ‘पवित्र शास्त्रापुढे बुद्धी चालवायची नसते,’ असे सांगून तिला खाली बसवण्यात आले. तिने पुस्तक मिटले, ते मी पाहिले, आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे.

हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन पाचव्या शतकात याच ओळींवर थबकले होते, आणि पृथ्वी-आकाशाविषयी जे तर्काने व अनुभवाने पक्के कळले आहे, त्याविरुद्ध शास्त्राच्या नावाने ख्रिस्ती माणसाने काहीबाही बोलू नये, असे त्यांनी बजावले होते.

पण मराठी ख्रिस्ती माणसाला इतके दूर जायला नको. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी स्पष्ट कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलेच दुसरे मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. आपल्याला स्वतःची विवेकबुद्धी आहे. यात त्यांनी बायबलचा अधिकार नाकारला नव्हता. उलट तो मनापासून मानला म्हणूनच मूळ वचन कोणते आणि पाद्र्यांनी लावलेला अर्थ कोणता, हे त्या वेगळे करू शकल्या. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत आणले, आणि ते छापण्यासाठी अक्षरांचे खिळे जुळवले ते त्यांच्याच तिथल्या मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनी. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या; ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका शब्दासाठी कोश उघडून बसणे, हा अर्थ की तो हे ताडून पाहणे, ही सारी बुद्धीचीच सेवा होती.

बुद्धीच सर्व काही ठरवील, असे मात्र मी म्हणत नाही. ख्रिस्ताचे पुनरुत्थान तर्काने सिद्ध होत नाही. प्रेषितांच्या साक्षीवर विश्वास ठेवून मी ते स्वीकारले आहे. पण साक्ष विश्वासार्ह आहे की नाही, हे पारखायला विचार लागतोच. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:५) परमेश्वरावर मनाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करण्याची आज्ञा आहे. मार्क १२:३० मध्ये तीच सांगताना येशू ‘पूर्ण बुद्धीने’ हे शब्द तिच्यात घालतो.

त्या मुलीचा प्रश्न पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा, आणि तिलाच तो अध्याय मोठ्याने वाचायला सांगावा, अशी विनंती मी आमच्या पाळकांना केली आहे.

आपला,
एक वाचक, पुणे