मेगावॅट आणि युनिट यांची गल्लत थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेच्या बातम्यांत ‘पॉवर’ आणि ‘एनर्जी’ हे दोन इंग्रजी शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात आणि मराठीत येताना दोन्हींची नुसती ‘वीज’ होते. ‘प्रकल्पातून वर्षाला 50 मेगावॅट वीज तयार होणार’, ‘प्रतितास 200 मेगावॅट निर्मिती सुरू’ अशी वाक्ये नेहमी वाचायला मिळतात. दोन्ही चुकीची आहेत. या चुकीचा फटका छपरावर सौर पॅनेल किंवा घरात इन्व्हर्टर बसवू पाहणाऱ्या वाचकाला बसतो, म्हणून हे पत्र.

रोजच्या इंग्रजीतच हे शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. महिन्याच्या बिलाला ‘पॉवर बिल’ म्हणतात, पण त्यातला मुख्य आकार असतो एनर्जीचा. ‘पॉवर बँके’त साठते तीही एनर्जीच. तिच्यावर 10,000 एमएएच (मिलिअँपिअर-तास) असे लिहिलेले असते. आतल्या सेलचा दाब 3.7 व्होल्ट धरला तर हा साठा 37 वॅट-अवर होतो. शेजारी 22.5 वॅट असेही छापलेले दिसते. ती जास्तीत जास्त किती दराने वीज देऊ शकते, एवढेच त्यावरून कळते. विमानात नेताना 100 वॅट-अवरची जी मर्यादा लागते, ती साठ्यावर असते.

शाळेच्या पुस्तकात पॉवर म्हणजे शक्ती आणि एनर्जी म्हणजे ऊर्जा. शक्ती हा दर आहे: सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. त्या दराने काही वेळ काम चालले की जी बेरीज होते ती ऊर्जा, आणि तिचे घरगुती माप युनिट, म्हणजेच किलोवॅट-अवर. इथे किलोवॅटला तासांनी गुणायचे असते. ‘मेगावॅट प्रतितास’ लिहिले की त्याचा भागाकार होतो आणि अर्थच जातो, कारण मेगावॅटच्या पोटात वेळ आधीच आहे.

पावसाळ्यात हीच वृत्तपत्रे असला फरक किती काटेकोरपणे पाळतात! कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि साठा टीएमसीत (अब्ज घनफूट). ‘धरणात 50 हजार क्युसेक पाणी साठले’ असे कोणी छापत नाही. 11,574 क्युसेकचा विसर्ग पूर्ण एक दिवस चालला तर एक टीएमसी पाणी जाते. मेगावॅटचे नाते क्युसेकशी, युनिटचे टीएमसीशी. कोयनेच्याच वीजप्रकल्पाची स्थापित क्षमता सुमारे 1,960 मेगावॅट आहे. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिले. सगळी जनित्रे पूर्ण भाराने सतत चालवली तर ते वर्षभर पुरणे शक्यच नाही, म्हणून मागणी चढते त्या तासांसाठी ती राखून वापरतात. कोयना वर्षाला किती वीज देते, हे नुसत्या मेगावॅटवरून म्हणूनच सांगता येत नाही.

सौर प्रकल्पांच्या बातम्यांत तर वाचकाची सरळ दिशाभूल होते. 100 मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडे दिवसाला साधारण पावणेपाच लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच 80 टक्के भाराने चालला तर 19 लाखांच्या पुढे जातो. बॅटरी साठवणुकीला तर दोन्ही आकडे लागतातच. ‘100 मेगावॅटची बॅटरी’ एवढेच छापले तर ती संध्याकाळी एक तास टिकेल की चार, हे कसे कळणार?

आता घरात येऊ. 750 वॅटचा मिक्सर पाच मिनिटे चालवला तर 0.06 युनिट जळते. कोपऱ्यातला 10 वॅटचा वाय-फाय राउटर दिवसभरात 0.24 युनिट खातो, म्हणजे चौपट. बिलावरचा ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये असतो. एकाच वेळी गिझर, एसी आणि इस्त्री लावल्यावर एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारे बटण) पडतो, त्याचा संबंध या भाराशी. बिलातले युनिट ही वेगळी गोष्ट.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इन्व्हर्टरमध्ये. ‘बॅकअप कमी पडतोय, मोठा इन्व्हर्टर घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. व्हीए (व्होल्ट-अँपिअर) हे इन्व्हर्टर एका वेळी किती भार पेलतो त्याचे माप. 900 व्हीएचा काढून 1,400 व्हीएचा बसवला तर एका वेळी जास्त उपकरणे चालतील, पण बॅटरी तीच असेल तर मिनिटे वाढणार नाहीत. 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट. 300 वॅटच्या भाराला सहा तास मिळायला हवेत, प्रत्यक्षात साडेतीन-चारच मिळतात. 150 एएच हा आकडा सहसा वीस तास संथपणे, साडेसात अँपिअरने, उपसण्यासाठी दिलेला असतो. 300 वॅटला इन्व्हर्टरमधील घट धरून तीस अँपिअरच्या आसपास ओढले जातात आणि त्या वेगाने बॅटरी पूर्ण साठा देत नाही.

छपरावरच्या 3 किलोवॅट पॅनेलचेही तसेच. हा आकडा चौरस मीटरला 1,000 वॅट ऊन आणि सेलचे तापमान 25 अंश असताना मोजलेला. मे महिन्यात सेल 65 अंशांवर जातात आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरली तर 14 टक्के क्षमता तिथेच जाते. ग्राहकाने विक्रेत्याला किलोवॅटबरोबर ‘महिन्याला युनिट किती?’ हे विचारावे. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याकाठी 360, हा अंदाज रास्त आहे. पावसाळ्यात तो खाली येतो.

आपल्या वृत्तसंपादकांना विनंती अशी: वीजप्रकल्पाच्या प्रत्येक बातमीत क्षमता मेगावॅटमध्ये आणि वार्षिक निर्मिती युनिटमध्ये, असे दोन्ही आकडे द्यावेत. दुसरा आकडा प्रसिद्धिपत्रकात नसेल तर संबंधितांकडून मागून घ्यावा. आणि मेगावॅटशेजारी ‘प्रतितास’ किंवा ‘वर्षाला’ आले, तर बातमी छापण्यापूर्वी एकदा बातमीदाराला विचारावे.

आपला,
एक विद्युत अभियंता, सातारा