विषय: गच्चीवरच्या टाकीतील फ्लोट स्विचला वीट बांधल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
मनीषनगर, नागपूर

महोदय,

सप्रेम नमस्कार. या विषयावर तोंडी, लेखी आणि ग्रुपवर सांगून झाले आहे. ग्रुपवरच्या शेवटच्या मेसेजला आपण अंगठा टाकलात, तेवढीच काय ती कार्यवाही. म्हणून हे पत्र. कृपया पोच द्यावी.

टाकी वाहते हे आपल्यालाही मान्य आहे. पण दरवेळी दोष पार्किंगमधल्या, मोटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरच्या डब्याला दिला जातो. दिवाळीनंतर नवा डबा आला, उन्हाळ्याच्या तोंडावर आणखी एक. पैसे मेंटेनन्समधून, म्हणजे माझ्याही खिशातून. महोदय, माझी उभी नोकरी हिंगणा एमआयडीसीत कंट्रोल पॅनलवर गेली. डबा काही चौथा मजला चढून टाकीत डोकावत नाही. वरचा फ्लोट स्विच, म्हणजे वायरीला लटकलेला तरंगता स्विच, जे सांगेल ते तो खरे मानतो. फ्लोट लोंबत असला तर टाकी रिकामी, मोटर चालू. पाण्याबरोबर वर येऊन तिरका झाला की आतला कॉन्टॅक्ट बदलतो आणि मोटर बंद. आपल्या टाकीत त्या फ्लोटला सुतळीने अर्धी वीट बांधलेली आहे. तो वर येणार कसा? टाकी काठोकाठ भरली तरी डब्याच्या लेखी ती रिकामीच. आपलाच इलेक्ट्रिशियन झाकण उघडून म्हणाला, "डबा चांगला आहे ना भाऊ, वरती वीट बांधून ठेवली तर तो बिचारा काय करन?" त्याचे बिल आपण मंजूर केले, म्हणणे मात्र इतिवृत्तात आले नाही.

वीट कोणी बांधली हे मी सांगण्याची गरज नाही. सदनिका 401 सोडून गच्चीची चावी कोणाकडे आहे? टाकी थोडी उतरली की त्यांच्या नळाला धार येत नाही, हे मला समजते. टाकीच्या अगदी खालचा मजला, पाण्याची उंची कमी तर दाबही कमी. त्याला उपाय आहे, आणि तो फुकट आहे. फ्लोटच्या वायरीवरचे वजन फ्लोटजवळ सरकवायचे, म्हणजे पाणी थोडे उतरताच मोटर लागते. हे मी त्यांना जिन्यात समजावून सांगितले. ते "बघू" म्हणाले. आणि टाकीचा ओव्हरफ्लो माझ्या गॅलरीतल्या कूलरवर पडतो. कूलरला पाणी मी स्वतः भरतो, वरून नको आहे.

मोटर जिथून पाणी उचलते त्या खालच्या टाक्याचा प्रकार तर याहून गंभीर. तिथल्या फ्लोटची जोडणी अशी असते की पाणी असेपर्यंत सर्किट जुळलेले. पाणी संपले, अगदी वायर तुटली, तरी मोटर बंद. कोणीतरी त्या दोन वायरी एकमेकींना पिळून टेप मारला आहे, म्हणजे टाके कोरडे पडले तरी डब्याला पाणीच दिसणार. मे महिन्यात मोटर कोरडी चालून जळाली, वाइंडिंगचा खर्च सगळ्यांवर आला आणि खापर फुटले पाणीपुरवठ्यावर.

माणूस आला की जिन्यातला दिवा लावणाऱ्या सेन्सरवरही 401 वाल्यांनीच पुठ्ठा चिकटवला आहे. म्हणे उन्हाळ्यात तो चालतच नाही. एप्रिल-मेमध्ये भिंतीच अंगाइतक्या तापतात, त्यामुळे माणसाच्या उष्णतेचा फरक सेन्सरला कमी जाणवतो, हे खरे. म्हणून तो बाराही महिने झाकायचा?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तक्रारीवर समितीने पुढच्याच सभेत निर्णय घेऊन त्यानंतर 15 दिवसांत सभासदाला कळवायचे असते. गच्ची सामाईक आहे, हेही उपविधींतच आहे. (माझ्या चार कुंड्यांचा विषय इथे काढू नये. तो वेगळा.) दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे आणि बहुतेक सगळ्यांचेच मत माझ्यासारखे आहे. वाईटपणा नको म्हणून ते सही करत नाहीत, इतकेच.

तरी वीट काढावी, खालच्या वायरी पूर्ववत जोडाव्यात आणि दोन्ही डब्यांची व वाइंडिंगची रक्कम 401 च्या बिलात लावावी. तिसरा डबा आणण्याचा ठराव आल्यास माझा विरोध आत्ताच नोंदवून घ्यावा.

आपला,
सदनिका क्र. 301

ता. क. गच्चीची चावी यापुढे जबाबदार सभासदाकडे असावी. माझी तयारी आहे.