बारक्याचं लग्न ठरवू नका

आई, बाबा,

नमस्कार. परवा मावशीकडून कळलं, की नंदगडकडची एक मुलगी बघून ठेवली आहे आणि नाताळ झाला की बोलणी आहेत. बारक्याला विचारलंत का? आपण समलिंगी आहोत, हे त्यानं मे महिन्यात तुम्हा दोघांसमोर बसून सांगितलंय. तेव्हा बाबा म्हणाले, "आपण कॅथलिक, आपल्यात हे चालत नाही." म्हणून चर्च काय शिकवतं तेच लिहिते.

१९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथात, २३५७ ते २३५९ ही कलमं यावरच आहेत. समलिंगी संबंध चर्चला मान्य नाहीत, हे त्यात स्पष्ट आहे. अशा माणसांनी ब्रह्मचर्यानं राहावं असंही आहे. मला ते फार जड वाटतं, पण तो प्रश्न बारक्याचा आणि देवाचा. नुसता तसा कल असणं याला मात्र चर्च पाप म्हणत नाही. अशा माणसाला आदरानं, करुणेनं स्वीकारा, अन्यायानं दुजाभाव करू नका, हेही तिथंच लिहिलंय. आई, तो घरी आला की तू ताट वाढतेस आणि काही न बोलता आत निघून जातेस. तो एकटा जेवतो. यात आदर कुठं आला?

लग्न लावलं की सुधारेल, असं तर चर्च कुठंच म्हणत नाही. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, संमतीशिवाय लग्न होत नाही. संसार उद्ध्वस्त होईल अशी गोष्ट लपवून, फसवून समोरच्याची संमती मिळवली, तर चर्चच्या लेखी ते लग्न लागलेलंच नसतं. कॅनन १०९८ बघा. वेदीसमोर फादर विचारणार, स्वखुशीनं आलास ना? त्यानं काय सांगायचं? आणि त्या पोरीनं कुणाचं काय वाईट केलंय? लग्नाआधी रोसाच्या दिवशी तिच्या अंगाला नारळाचं दूध लावताना तिच्या आईला काहीच ठाऊक नसणार.

लोक काय म्हणतील याची बाबांना धास्ती आहे. पण २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू झालं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवायला उघड विरोध केला होता. कार्डिनल जाहीर बोलू शकतात, मग आपण भावकीला का भ्यायचं?

मी शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघते. त्याआधी मावशीला सांगून बोलणी थांबवा. आणि बाबा, बारक्याला फोन तुम्ही स्वतः करा. माझ्याकडून निरोप नको.

तुमची,
थोरली