डिसेंबरला येते आहे, पण परत जायचं ठेवूनच

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर मी जर्मनीतच राहण्याचा विषय काढला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई "जेवलीस का?"वर गाडी नेते. म्हणून लिहून पाठवते आहे. दादा मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून देईल. शेवटपर्यंत वाचा आणि मगच फोन करा.

ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत मी गटप्रमुखाचं काम घेतलं आहे. पाच वर्षांसाठी. सही झाली. न विचारता नुसतं कळवते आहे, याचं आईला लागेल. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघंही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता आणि रात्रभर कूस बदलत राहिला असता. बाबांच्या शुगरला ते परवडत नाही.

"हे आपल्याकडे होत नाही का?" हा बाबांचा प्रश्न मला इथून ऐकू येतोय. होतं. बाबांनी जपून ठेवलेलं ते बिस्मथचं कात्रण मी विसरलेले नाही. 2016 मध्ये कुलाब्याला, आमच्याच टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत), बिस्मथ हा धातू इतका थंड केला की एका केल्विनच्या (म्हणजे उणे 273 सेल्सिअसपासून वर मोजलेल्या एका अंशाच्या) हजाराव्या भागाच्याही जेमतेम निम्म्यावर तो सुपरकंडक्टर झाला, म्हणजे वीज जराही न अडवता वाहून नेऊ लागला. जुन्या सिद्धांतात ते बसतच नव्हतं. तेव्हा देशात अक्कल नाही म्हणून मी बाहेर राहतेय, असं शामूकाकांना वाटत असेल तर त्यांना ते कात्रण दाखवा. माझं कारण त्याहून साधं आहे. माझा स्फटिक, तो दाबायचं यंत्र आणि त्या दोन्हींतलं कळणारी माणसं इथं एकाच इमारतीत आहेत.

स्फटिक म्हणजे स्ट्रॉन्शियम रुथेनेट. 1994 साली जपानमध्ये हिरोशिमाला माएनो यांच्या गटाला तो सुपरकंडक्टर असल्याचं दिसलं, तेव्हा मी बालवाडीत डबा सांडत होते. दिसायला काळा, चकचकीत तुकडा. मी त्याची केसाएवढ्या जाडीची पट्टी कापते, मायक्रोस्कोपखाली दोन्ही टोकं इपॉक्सीत बसवते आणि मधला भाग मोकळा ठेवते. हे करताना श्वाससुद्धा जपून सोडायचा, नाहीतर पट्टी उडून जमिनीवर, आणि मग शोधत बसा. नंतर ती थंड करायची आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेनं दाबायची, तेही एक टक्क्याहून कमी. नुसत्या दाबानं सुपरकंडक्टर होण्याचं तापमान दीड केल्विनवरून जवळजवळ साडेतीनवर चढतं. आई, सतारमेकर गल्लीत खुंटी पिळली की सूर चढतो, तसंच. हे 2017 मध्ये इथल्याच लोकांनी दाखवलं.

आणि बाबा, हे खास तुमच्यासाठी. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीनं फिरतात; या स्फटिकात त्या जोड्या कशा जुळतात, याबद्दल 1998 च्या एका मोजमापावर सगळे वीस वर्षं विसंबून होते. 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या गटानं तेच मोजमाप कमी ताकदीच्या रेडिओ पल्स वापरून केलं आणि उत्तर उलटलं. मोजायला दिलेल्या पल्सनीच नमुना तापत होता! मग 1998 च्या मोजमापातल्या लोकांनीच क्योतोमध्ये पुन्हा मोजलं आणि हे मान्य केलं. जोड्यांचं खरं रूप अजून ठरलेलं नाही. ते ठरायच्या वेळी मला बाहेरून पेपर वाचत बसायचं नाही. माझा हट्ट एवढाच आहे.

"मग ती बिनतोट्याची तार कधी येणार?" असं तुम्ही दर वेळी विचारता. इथं एसेन शहरात 2014 मध्ये एक किलोमीटरची तशी केबल जमिनीखाली घालून काही वर्षं चालवली, द्रव नायट्रोजननं थंड ठेवून. माझ्या कामातून उद्या तार निघणार नाही, हे सांगून टाकते. पण तुमची कंबर ज्या एमआरआयमध्ये तपासली, त्यात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची कॉइल द्रव हेलियममध्ये बुडलेली असते. एकदा करंट सोडला की तो वर्षानुवर्षं आपला आपण फिरतो. खटखट आवाज थांबला तरी चुंबक चालूच असतो. म्हणून तो मुलगा आईला मंगळसूत्रावरून ओरडला. त्याचा राग सोडून दे आता.

माझी काळजी नको. घर गरम असतं, बाहेर उणे असलं तरी आत मी सुती कुडत्यात. पोहे, तूरडाळ, हिंग सगळं मिळतं. कुकरची रिंग नवी घेतली. मेतकूट संपलंय, पण ते डिसेंबरला.

पावसात लाइट गेली की बाबा रेनकोट चढवून डीपीकडे जायचे आणि मी खिडकीत बसायचे. लाइट आली म्हणजे बाबा खांबावरून उतरले, असं आई सांगायची. तेव्हा कुठं मला झोप यायची. अजून लॅबमध्ये रात्री लाइट लुकलुकली की तुमचीच आठवण येते, हेलियमची नंतर. बाबा, तुम्ही नाही म्हणालात तरी मला माहिती आहे, हे सगळं मी तुमच्यामुळेच करते.

तर आता ऐका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी तुम्ही घालायचं नाही, वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. वायरमन होतात, आता नाही आहात. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, दादा येईपर्यंत पापड वरच राहू देत. बाथरूममधल्या दांड्यांचे पैसे मी दिलेत, बसवून घ्या, "शोभत नाही" ऐकणार नाही. पावसाळ्यात नदीचं पाणी वाढल्याची बातमी आली की 2019 सारखी वाट बघत बसू नका, सरळ ताईमावशीकडे जा. गोळ्यांच्या डबीचा फोटो रोज रात्री. तुम्ही लहान नाही हे कळतं मला, पण फोटो पाठवा.

पाच वर्षं ऐकायला मोठी वाटतात. मी वर्षातून दोनदा येईन, आणि काही झालंच तर लगेच निघेन. हे वरिष्ठांशी आधीच बोलले आहे, करार नंतर केला. आणि मे महिन्यात तुम्ही इकडे या. इमारतीला लिफ्ट आहे, आईला चालायला नदीकाठचा सपाट रस्ता आहे, आणि बाबांना मी माझं यंत्र दाखवणार आहे. आईचा पासपोर्ट संपत आलाय, या महिन्यातच रिन्यूला टाका.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, फोटो काढायला जाताना दाढी करून जा. मागच्या व्हिसाच्या वेळी काय झालं ते आईला विचारा.